सरदारचे कान

आमच्या घरमालकांकडे माणसं बैल मागायला यायची. नांगरायला नाही, मोटेला नाही, दारू सोडायला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी ओसरीवर बसून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आहे. कुठल्या कुठल्या गावचे गडी, डोळे तांबारलेले, हाताला कंप, सोबत बहुधा एखादा म्हातारा बाप नाहीतर धाकटा भाऊ. अंगणात उकिडवे बसायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, "थोडे दिस तुमचा बैल द्या, मालक. आमाला बी सुटायचंय."

मालक हातातलं काम टाकून उठायचे. घोंगडी अंथरायचे, पाणी द्यायचे, गुळाचा खडा द्यायचे, अर्धा अर्धा दिवस त्या माणसाचं सगळं ऐकून घ्यायचे. बैल मात्र कधी कुणाला दिला नाही. "माजा बैल तुमच्या कामाचा न्हाई, बाबा. तुमचा तुमी हुडका," म्हणायचे. एखादा काकुळतीला येऊन म्हणाला, "माज्याकडं बैलच न्हाई, मालक," तर हसायचे. "मंग दुसरं काही असंल. मला तरी कुटं ठावं व्हतं का बैल निघंल म्हणून."

तर या बैलाची गोष्ट. ती सांगायला बसलो की मला अजून धीर धरवत नाही, शेवट आधीच तोंडात येतो. म्हणून स्वतःला आवरून जरा मागून सुरुवात करतो.

निजामाच्या अमलात पाटोद्याच्या सरकारी मदरशात मला मास्तरकी मिळाली आणि राहायला या मालकांच्या ओसरीलगतची खोली. मालक उंच, सडसडीत, पटका कायम एका कानावर घसरलेला. शेत होतं, पण जीव सगळा गाडीत. आसपासच्या गावांचा कापूस आणि जवारी पाटोद्याच्या पेठेत आणून टाकायची, पेठेतला माल गावोगाव पोचवायचा, हा त्यांचा उद्योग. बसून बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. डोक्यात काही आलं की येरझाऱ्या घालत, दोन्ही हात हवेत फिरवत सांगायचे, आणि सगळ्यांत आधी मला सांगायचे, कारण माझं दार सगळ्यांत जवळ. मी अंघोळीला बसलेला असो की पोरांच्या पाट्या तपासत असो, दार धाडकन उघडायचं आणि आवाज यायचा, "मास्तर, गवसलं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर धावलो. मला वाटलं हरवलेलं जनावर सापडलं. सापडला होता तो दारू सोडायचा इलाज. आदल्याच संध्याकाळी या गृहस्थांना बैलांनी गाडीत घालून घरी आणलं होतं, आणि सकाळी ते लग्नघरातल्या पोरासारखे उड्या मारत होते.

मालक पक्के पिणारे होते, हे झाकण्यात अर्थ नाही. दिवस कलला की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. पाटोद्यात पिणारे पुष्कळ होते, पण सोडण्याची इतकी हौस असलेला पिणारा मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी मारुतीपुढे शपथ घेतली, देवीपुढे बेलभंडारा उचलला, टेकडीवरच्या दर्ग्यात मजारीवरच्या गलेफाला हात लावून जबान दिली. शेवटी शपथेला ठेवायला त्यांच्यापाशी देव उरला नाही. देवीचा पुजारी तर त्यांना लांबून येताना पाहिलं की भंडाऱ्याची वाटी उचलून आत नेऊन ठेवायचा. बीडच्या एका वैद्यानं पुडी दिली होती, दारू पोटात गेली की उलटी व्हावी अशी. मालक उलटी करून यायचे, चूळ भरायचे आणि पुन्हा बसायचे. वैद्याला त्यांनी निरोप धाडला, "पुडी लई गुणाची हाय, पर दारू तिच्याहून जिद्दीची हाय."

पेवाची गंमत तर मी कुठंही सांगतो. अंगणात धान्याचं पेव होतं, म्हणजे जमिनीखालची खोल कोठी. त्या साली पीक बेताचं, म्हणून पेव रिकामं. बाजाराच्या दिवशी सकाळीच मालक त्यात उतरले आणि मला शिडी वर ओढून घ्यायला लावली. "दिवस मावळंस्तोवर म्या किती बी बोंबललो तरी शिडी सोडू नका. तुमाला तुमच्या अलिफ-बेची आन हाय." मी पेवाच्या तोंडाशी राखण बसलो. खालून आधी ओव्या ऐकू आल्या, मग शिव्या, मग लावणी. लावणी सुरू झाली तेव्हा मला शंका आली. शिडी सोडून पाहतो तो मालक भिंतीला टेकून डोलताहेत आणि शेजारी मोहाच्या दारूचं रिकामं गाडगं. आदल्या दिवशी स्वतःच्याच हातांनी त्यांनी ते पाचोळ्याखाली पुरून ठेवलं होतं.

शुद्धीवर आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणाले, "काल लपवून ठिवणारा गडी येगळा व्हता, मास्तर. लई हुशार. त्यानं मला फशिवलं." आणि थट्टा नव्हे, त्यांना त्या कालच्या गड्याचा खराखुरा राग आला होता.

आता बैलांकडे येतो. माणसांची नावं मी सांगत नाही, बैलांची सांगायला काय हरकत आहे. एक पवळ्या, एक सरदार. पवळ्या गरीब, मान खाली घालून चालणारा. सरदार पांढराशुभ्र, खांद्याला उंच, चालीत अशी ऐट की तहसीलदाराची दमणी समोरून आली तरी हा बाजूला व्हायचा नाही. गावची शीव ओलांडली की मांजरा नदीकडे जाणाऱ्या वाटेवर एका मोठ्या चिंचेखाली कलालाचं दुकान होतं, मागेच भट्टी. दारू काढून झाली की मोहाच्या फुलांचा चोथा उरतो. कलाल तो टोपली टोपली भरून बाहेर उभ्या राहिलेल्या बैलांपुढे टाकायचा. माणूस चांगला होता. धनी आत बसलेला आणि मुकं जनावर उपाशी उभं, हे त्याला बघवत नसे. झालं असं की मालकांना आत जी चटक लागली, तीच सरदारला बाहेर लागली. पवळ्या चोथ्याला तोंड लावायचा नाही. सरदार आपली टोपली संपवून पवळ्याचीही चाटूनपुसून लख्ख करायचा.

मग कासरा ओढा, चाबूक दाखवा, काही करा; दुकान आलं की सरदार थांबायचाच. पाय रोवून उभा. पवळ्याला थांबायचं नसायचं, तो आपला ओढत राहायचा, आणि गाडी सरदारभोवती गोल फिरायची. दुकानापुढच्या धुळीत चाकांचं ते गोल उमटलेलं दिसलं की येणारे-जाणारे ओळखायचे, मालक आत आहेत.

वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना, कुणी निरोप द्यायची गरज नसे. तिन्हीसांजेला डोक्यावर पदर घेऊन त्या चालत दुकानापाशी जायच्या. आत पाऊल टाकायच्या नाहीत, हाक मारायच्या नाहीत. बैलांशी मात्र दोन शब्द बोलायच्या, पदराच्या गाठीत बांधून आणलेली भाकरी मोडून दोघांना घालायच्या, आणि गाडीत बसून वाट पाहायच्या. भाकरीला पवळ्याही मान वर करायचा. मी एकदा म्हणालो, "वहिनी, वर यांचे लाड कशाला?" तर म्हणाल्या, "त्येंचा काय दोस हाय, मास्तर?" कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या त्याच्यावर पुढं बोलण्यासारखं काही उरायचं नाही.

एक दिवस वहिनींच्या माहेराहून सांगावा आला. आई घटकेची सोबती आहे, पोरीला लगोलग आणा. माहेर मांजरेपलीकडं आणि वाट एकच, त्या चिंचेखालून. मालक त्या दिवशी अगदी शुद्धीवर होते. त्यांनीच घाई केली, त्यांनीच गाडी जुंपली. दुकान आलं आणि सरदार थांबला. मालकांनी ओढून पाहिलं, मारून पाहिलं, खाली उतरून खांदा लावून पाहिलं. कलालानं सवयीनं टोपली आणून ठेवली. "खातोय तवर एक घोट घेतो," मालक म्हणाले आणि आत गेले. गाडी पलीकडे पोचली तेव्हा अंगणात बायका रडत होत्या.

"ती रडली न्हाई," मालकांनी मला सांगितलं. मी त्यांना जमिनीवर बसून बोलताना पाहिलं ते तेवढं एकदाच. "खाली उतरली, आत गेली. तेराव्याला म्या गाडी घेऊन गेलतो. ती गाडीत बसायला आलीच न्हाई, मास्तर."

मला त्यांची कणव यायला हवी होती. मला राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. "त्या माउलीनं तुमच्या घरात परत पाऊल का ठेवावं?" मी म्हणालो. मालकांनी मान हलवली. म्हणाले, "तेच तर म्या बी इचारतोय. कावून यावं तिनं?"

पण माणूस गप्प बसणारा नव्हता. ते पुन्हा पुन्हा सासुरवाडीला गेले, दारात उभं राहून उरल्यासुरल्या शपथा घेऊन आले. शेवटी मेहुण्यानं त्यांना दारातच थांबवलं आणि बहिणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "दाजी, ताई म्हनती शपथा बास झाल्या. मानूस खोटं बोलतो, बैल न्हाई बोलत. तुमी गाडी आना, ती बसंल. कासरा सैल सोडायचा, चाबूक घ्यायचा न्हाई. गाडी त्या दुकानावरनं गेली तर ती तुमच्या घरी येईल. तितं थांबली, तर तितंच उतरंल आन चालत माघारी येईल. मंग पुन्ना आमच्या दारात येऊ नका." संधी एकदाच, हेही त्यानं सांगितलं.

ही अट गावभर झाली आणि ज्याला त्याला अक्कल सुचली. पाटील म्हणाले, सरदारला विकून टाक, दुसरा बैल जुंप. मालक चवताळले. "त्यानं मला किती येळा जित्ता घरी आनलाय. आता त्यो बिघडला म्हनून इकू? मंग ती मला सोडती त्यात तिचं काय चुकलं?" मी सुचवलं, ओढ्यातून लांबची वाट आहे, तिकडून न्या. त्यांनी एकदा नेऊनही पाहिलं. सरदारनं आडरानातून गाडी काढून बरोबर चिंचेखाली आणून उभी केली. मालक परत येऊन म्हणाले, "वाट बदलून काही न्हाई व्हायचं, मास्तर. मला बी ठाव हाय आन त्याला बी ठाव हाय दुकान कुटं हाय ते."

मग एके सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. दार ढकललं नाही, कडी वाजवली. बाहेर मालक उभे, डोळे चमकत होते, आवाज मात्र अगदी हळू. "मास्तर, कान," म्हणाले. "त्याचे कान बगा."

त्यांनी मला तसंच गाडीत घातलं आणि शिवेकडे नेलं. सरदारचे कान चालताना मोकळे लोंबत होते. दुकान अजून दृष्टीसही पडलं नव्हतं. वाटेत एक मोठा धोंडा आहे, त्याच्या जवळ आलो आणि सरदारचे दोन्ही कान टवकारून उभे राहिले. मालकांनी गाडी थांबवली. "ह्या धोंड्यापाशी माज्या जिभेला पानी सुटतं," ते म्हणाले. "रोज. म्या समजत व्हतो दुकानात गेल्यावर मन बिघडतं. दुकान लई पुढं हाय, मास्तर. बिघडतं हितंच. आन दोगांचं बी हितंच." आणि त्यांनी गाडी वळवली. घरी आल्यावर सरदारला गुळाचं पाणी शिंपडलेली सरकी घातली, स्वतः शेंगा आणि गूळ खाल्ला, आणि अंगणभर नाचायचेच काय ते राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धोंडा. तिथं सरकी, तिथं गूळ, मग माघारी. कान उठेनासे झाले तेव्हा थोडं पुढे. मी बाजूला बसून दोघांकडे आळीपाळीनं पाहायचो आणि खरं सांगतो, कोण कोणाला शिकवतो आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सरदारचे कान उठले की मालक आधी स्वतःच्या मनात डोकावायचे. मालकांचा श्वास वाढला की सरदार फुरफुरायचा. "उठलं का बे तुजं? माजं बी उठलंय," असं त्यांचं बोलणं चालायचं. मदरशातल्या पोरांवर मी एवढा धीर धरला असता तर सगळी हैदराबादेला जाऊन हाकीम झाली असती.

मी एकदा विचारलं, "मालक, किती दिवस झाले न पिऊन?" त्यांनी कानावर हात ठेवले. "मोजायचे न्हाईत. मोजले की मन म्हनतं, लई झाले, आता एक दिस सुट्टी. म्या फक्त आजच्या धोंड्याचं बगतो."

आणि ते पडलेही. मी लपवत नाही. दुकानाच्या अगदी जवळ पोचले होते, माझ्या उत्साहाला पारावार नव्हता, आणि एका संध्याकाळी गाडी आली नाही. दुकानापाशी जाऊन पाहतो तो धुळीत तेच गोल. सरदारचं तोंड टोपलीत आणि मालक आत. माझं मन इतकं खट्टू झालं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कडी वाजली. "चला, मास्तर. धोंड्यापासनं." त्यांच्या आवाजात शरम नव्हती, रडणं नव्हतं. "आमी दोगं पडलो. दोगं उठू. पर एक कळलं. म्या त्याला दुकानापस्तोर न्यायचो आन माघारी फिरवायचो. मंग त्याच्या डोक्यात वाट संपती कुटं? दुकानावरच. दुकानाच्या पुढं काही चांगलं पायजे. नुस्तं टाळून कोन कुटं जातो?"

हे ऐकून मी उठून उभा राहिलो. दुकान ओलांडून पुढे, नदीच्या उताराला एक बाभूळ होती. त्यांनी तिच्याखाली दगडाची डोणी मांडली, पाणी भरलं, सरकीचं पोतं कलालाच्याच पडवीत ठेवायला दिलं. कलाल स्वतः म्हणाला, "मालक, तुमची गाडी यायच्या टायमाला म्या फळी लावून घेत जाईन, टोपली आत ठिवीन." मालक म्हणाले, "न्हाई, नामंजूर. उघडंच ऱ्हाऊ दे. झाकल्यावर कोन बी जाईल." आणि एका संध्याकाळी सरदार दुकानापाशी अडखळला, कान उठले, पडले, पुन्हा उठले, आणि तो बाभळीकडे चालता झाला. मालक गाडीतून उतरून त्याच्या बरोबरीनं पळत होते, पटका गळ्यात आलेला.

त्या दिवसांत त्यांना जगातल्या प्रत्येकाचे कान दिसायला लागले होते. तपकिरीचं मला व्यसन आहे. पोरांना हिसाब शिकवून आलो की माझा हात डबीकडे जायचा, आणि अंगणातून आवाज यायचा, "मास्तर, कान उठले." मी चिडायचो. नंतर डबी उघडण्याआधी स्वतःच कानाला हात लावून पाहायला लागलो. तपकीर काही सुटली नाही. माझा बैल मी अजून शोधतोच आहे.

वहिनींना आणायचा दिवस मालकांनी बाजाराचाच धरला. चैत्र होता, मोह नुकता गळलेला, भट्टी धडाडत होती आणि वास शिवेपासूनच नाकात जात होता. मी म्हणालो, दुसरा दिवस बघा. ते म्हणाले, "तिची आई गेली तवा बी बाजारच व्हता." त्यांनी मला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं.

जाताना सरदार दुकानावरून ताठ मानेनं गेला. बाभळीखाली दोघांनी आपापलं खाल्लं, मी मनातल्या मनात नारळ फोडला. वहिनी पायरीवर बोचकं घेऊन तयारच होत्या. नवऱ्याकडे पाहिलं, पटका सरळ आहे एवढं पाहिलं असावं, बोलल्या नाहीत. बैलांनाही हात लावला नाही. मागे चढून बसल्या. मेहुणा म्हणाला, "ताई, म्या सांजंपस्तोर जागा सोडत न्हाई." म्हणजे ती परत आली तर दारात कुणी असावं म्हणून.

मांजरेच्या गुडघाभर पाण्यातून आलो, उतार चढलो, बाभूळ मागे पडली. पुढे पाहतो तो चिंचेखाली माणसंच माणसं. बाजारातून परतणारी, बाजाराला न गेलेली, मदरशातली माझी अर्धी पोरं. कलाल दुकानाबाहेर हात जोडून उभा होता. मालकांनी कासरा धुरीवर ठेवून दिला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. माझा हात डबीकडे गेला. पुढे बघतच मालक म्हणाले, "मास्तर, कान."

वहिनींनी मागून विचारलं, "कासरा सोडला का?" वाटेतले त्यांचे ते पहिले शब्द.

आणि सरदार थांबला.

अगदी दुकानासमोर, त्याच जागी. गर्दीतून एक लांब उसासा आला. मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी कासऱ्याला हात लावला नाही, तोंडानं आवाज काढला नाही. मागे बोचकं उचलल्याचं ऐकू आलं. वहिनी चाकावर पाय ठेवून उतरायला लागल्या. मला ओरडावंसं वाटत होतं की थांबा, हा अन्याय आहे, पण कशाच्या जोरावर ओरडणार. बैल थांबला होता.

"उतर," मालक म्हणाले. "तुजा सबूद हाय. फक्त जाताना कान बगून जा."

वहिनी शेतकऱ्याची लेक. एक पाय चाकावर आणि एक जमिनीवर, तशाच थबकल्या. मीही तेव्हा पाहिलं. सरदारचे कान मोकळे लोंबत होते. आणि गाडी फिरली नव्हती. फिरणार कशी? पवळ्याही थांबला होता, जो सरदारच्या हट्टापायी या जागी जन्मात कधी थांबला नव्हता. दोघांची नाकं दुकानाकडे नव्हती. माना वळवून दोघं मागे पाहत होते, वहिनींकडे, त्यांच्या पदराकडे.

वहिनींनी हळूच पदराची गाठ चाचपली. गाठीत भाकरी होती. निघायच्या घाईत, कधी बांधली याची त्यांना स्वतःलाही आठवण नव्हती. या वाटेला निघायचं म्हणजे बांधायची, इतकी वर्षं हाताला तेच वळण. या चिंचेखाली त्यांचा आवाज आला की भाकरी मिळते, हे बैलांना त्यांनीच शिकवलं होतं.

"माज्यासाटी थांबला व्हय रं," त्या म्हणाल्या. आईच्या दारात न रडलेली ती बाई त्या चिंचेखाली, बाजारच्या माणसांदेखत, सरदारच्या गळ्यात हात टाकून रडली. आई, आई म्हणून रडली. मालक गाडीवरून उतरले नाहीत, जवळ गेले नाहीत. त्यांना कळलं होतं की ते रडणं इतके दिवस तटलेलं होतं आणि त्यात आपण पडायचं नाही. गर्दीतल्या कितीतरी जणांनी तोंडं फिरवली. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मग त्यांनी भाकरी मोडली. अर्धी पवळ्याला, अर्धी सरदारला. एक तुकडा उरला तो मालकांच्या हातात दिला. पदरानं तोंड पुसलं, चाकावर पाय ठेवला आणि पुन्हा वर चढून बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या, आणि बैल चालू लागले.

शीव आली, देऊळ आलं, मला गप्प बसवेना. इतकी वर्षं माझं दार धाडधाड वाजवणारा माणूस आज तोंडात भाकरीचा तुकडा धरून मुका बसला होता. शेवटी मीच म्हणालो, "मालक, गवसलं म्हणायचं का?"

"मला नका इचारू," ते म्हणाले.

मी मागे वळून वहिनींकडे पाहिलं. त्या बोचक्याला टेकून बसल्या होत्या. "घर यायचंय अजून," त्या म्हणाल्या. "पुढं बगून हाका."

मी पाटोद्यात होतो तोवर, मालक तसेच पुढं बघून हाकत राहिले.